डोळे आले म्हणून बाटली उघडण्याआधी

डोळे आले की पहिली धाव असते ती अँटिबायोटिक थेंबांकडे. यथावकाश डोळा निवळतो आणि श्रेय बाटलीला जातं. खरं तर मोठ्या माणसांमध्ये साथीने येणारे डोळे बहुतांशी विषाणूंमुळे येतात आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. डोळा आपसूक बरा होणारच होता. इथवर नुकसान फारसं नाही. नुकसान होतं ते दोन प्रसंगी. बाटलीत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टिरॉइड हे सूज दाबणारं औषध असतं तेव्हा, आणि आजार साध्या डोळे येण्याचा नसून ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूचा असतो तेव्हा. दोन्ही एकाच वेळी जुळून आलं तर बुबुळावर कायमचं फूल पडू शकतं.

म्हणून लाल डोळ्यापुढे बसलेल्या डॉक्टरांना आधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: विषाणू डोळ्याच्या कोणत्या थरात शिरला आहे, आणि त्या विषाणूवर औषध आहे का. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतल्या बाजूला एक पातळ आवरण असतं, त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. आजार तेवढ्यावर थांबला तर त्रास भरपूर होतो, पण धोका कमी असतो. त्याच्या मधोमध पुढे असलेला पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल, बोलीभाषेत बुबुळ. तिथे जखम झाली तर व्रण राहतो आणि नजर जाते. सर्वांत मागे दृष्टिपटल, म्हणजे उजेड टिपणारा पडदा. तिथला संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर त्याच दिवशी उपचार सुरू व्हावे लागतात. डोळा किती लाल आहे यावरून यातलं काहीच ठरत नाही. रक्तासारखा लाल झालेला डोळा निरुपद्रवी असू शकतो आणि किंचित गुलाबी दिसणाऱ्या डोळ्याचं पारपटल पोखरलेलं असू शकतं.

साथीचे डोळे

साथीमागे सर्वांत जास्त वेळा सापडतो तो अ‍ॅडिनोव्हायरस. त्याच्या ३, ४ आणि ७ क्रमांकाच्या प्रकारांमुळे घसा धरतो, ताप येतो आणि जोडीला डोळे लाल होतात. हे मुलांमध्ये जास्त. ८, ३७ आणि ६४ (जुन्या नोंदींत १९) हे प्रकार अधिक तापदायक. त्यांत पापण्या सुजून डोळा मिटतो आणि पारपटलही सापडतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ५ ते १२ दिवस जातात. त्यामुळे आठवायचं असतं ते काल कोण भेटलं हे नव्हे, तर गेल्या आठवड्यात घरात, वर्गात, पोहण्याच्या तलावावर किंवा डोळ्यांच्या दवाखान्यात कोणाचा डोळा लाल होता का, हे.

दवाखान्याचं नाव मुद्दाम घेतलं आहे. डोळ्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणाचं टोक थेट पारपटलाला टेकतं. अ‍ॅडिनोव्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे ते टोक नुसतं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागत नाही. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात ते ५ ते १० मिनिटं बुडवावं लागतं आणि नंतर पाण्याने नीट धुवून कोरडं करावं लागतं. धुण्यात कसूर झाली तर उरलेलं ब्लीच पुढच्या पेशंटचं पारपटल भाजतं.

सहसा आधी एक डोळा येतो आणि काही दिवसांनी दुसरा, तोही जरा सौम्य. पाणी वाहतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिकटतात. पापण्या चिकटल्या म्हणजे संसर्ग जिवाणूचाच, हा समज पक्का रुजलेला आहे, पण पापण्या दोन्हींत चिकटतात. त्यापेक्षा उपयोगी खुणा वेगळ्या आहेत. कानाच्या अगदी पुढे बोटाने चाचपलं तर दुखरं अवधाण लागतं. खालची पापणी ओढून प्रखर उजेडात बघितलं तर आतल्या बाजूला फिकट, बारीक फुगवटे दिसतात. रक्तवाहिन्या त्यांच्या कडेने जातात, मधून नाही. ऍलर्जीच्या फुगवट्यात रक्तवाहिनी मधोमध असते आणि तिथे मुख्य तक्रार खाजेची असते. पुसल्यावर काही मिनिटांत पुन्हा घट्ट पिवळा पू भरत असेल तर प्रकरण वेगळं आहे. तो गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराच्या जिवाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्यात पारपटलाला भोक पडायला वेळ लागत नाही.

आजाराचा पहिला आठवडा चढता असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा जास्त सुजला म्हणून अनेक जण औषध बदलतात, मग डॉक्टर बदलतात. प्रत्यक्षात आजार ठरलेल्या वाटेनेच चाललेला असतो. पूर्ण निवळायला दोन ते तीन आठवडे लागतात. वाटेत दोन अडथळे येऊ शकतात. पापणीच्या आतल्या बाजूला राखाडी-पांढरा पापुद्रा धरला तर तो पारपटलावर घासत राहतो. डोळा बधिर करून चिमट्याने तो सोलून काढावा लागतो. थोडं रक्त येतं, पण पेशंटला लगेच मोकळं वाटतं. दुसरा अडथळा उशिरा येतो. लाली ओसरत असताना, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, पारपटलात नाण्यासारखे गोल फिकट ठिपके उमटतात. हा जिवंत विषाणू नसतो, त्याच्या उरलेल्या अंशांवर शरीराने काढलेला राग असतो. दिव्यांभोवती चकाकी दिसते, अक्षरं पुसट होतात. हे ठिपके कित्येक महिने राहू शकतात आणि बहुतेकांचे आपोआप विरतात.

उपचार म्हणाल तर थंड पाण्याच्या घडीचा शेक, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू दिवसातून ४ ते ६ वेळा, गरज वाटली तर साधी वेदनाशामक गोळी, आणि कॉन्टॅक्ट लेन्स पूर्ण बंद. डोळ्यात घालायचे थेंब फ्रिजमध्ये ठेवून गार करून घातले तर जळजळ बरीच शमते. पापुद्रा धरला असेल किंवा ठिपक्यांमुळे खरोखर दिसेनासं झालं असेल तरच नेत्रतज्ज्ञ सौम्य स्टिरॉइड सुरू करतात. त्याची किंमत मोजावी लागते: स्टिरॉइडमुळे विषाणू डोळ्यातून जास्त दिवस बाहेर पडत राहतो, आणि थेंब एकदम थांबवले तर ठिपके परत येतात. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागते आणि दरम्यान डोळ्याचा दाब तपासत राहावं लागतं.

हर्पिसला औषध आहे तर यावर का नाही, असा प्रश्न रास्त आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध स्वतः निष्क्रिय असतं. हर्पिसच्या विषाणूचं थायमिडीन कायनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला जागं करतं, म्हणून ते लागण झालेल्या पेशीतच काम करतं आणि बाकीच्या पेशींना फारसा त्रास देत नाही. अ‍ॅडिनोव्हायरसकडे हे विकरच नाही, त्यामुळे औषध झोपलेलंच राहतं. सिडोफोव्हिर हे दुसरं विषाणूविरोधी औषध या विकराशिवाय चालतं. त्याचे थेंब वापरून पाहिले गेले, पण अश्रू वाहून नेणाऱ्या नळ्या आक्रसू लागल्या आणि तो मार्ग मागे पडला. पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचे विरळ थेंब काही डॉक्टर दवाखान्यात वापरतात. ते त्यांच्याच हाती राहू द्यावं. त्वचेसाठीचं, त्यातही फेस येणारं आयोडीन डोळ्यात गेलं तर पारपटलाची साल निघते.

डोळे आलेल्या माणसाकडे बघून डोळे येत नाहीत. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळ, मोबाइल, दाराची मूठ यांवाटे येतात. काळा चष्मा उजेड सोसत नाही म्हणून लावावा. इतरांना वाचवण्यात त्याचा वाटा इतकाच की डोळ्याला हात कमी लागतो. विषाणू कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडे तग धरू शकतो आणि पेशंट १० ते १४ दिवस इतरांना लागण देऊ शकतो. सॅनिटायझरवर भिस्त न ठेवता साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवावेत. डोळा पुसायला कापसाचा बोळा किंवा टिश्यू घेऊन प्रत्येक वेळी फेकून द्यावा. एकाच डोळ्याला लागण असेल तर त्या डोळ्याची बाटली दुसऱ्या डोळ्याला लावू नये, घरातल्या दुसऱ्या माणसाला तर मुळीच नाही. थेंब घालताना खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब टाकावा, कारण त्याहून जास्त तिथे मावतच नाही. टोक पापणीला टेकू देऊ नये. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्यावीत आणि मलम असेल तर ते सर्वांत शेवटी. वापरात असलेल्या लेन्स, त्यांची डबी आणि द्रावण तिन्ही टाकून द्यावं. उकळून वाचवायच्या भानगडीत पडू नये.

साथीचा आणखी एक प्रकार आहे, त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचे डाग पसरतात. एन्टेरोव्हायरस ७० आणि कॉक्ससॅकीव्हायरस ए२४ हे त्याचे कर्ते. १९६९ मध्ये घानात याची मोठी साथ आली. अपोलो ११ चंद्रावर उतरलं त्याच सुमाराची म्हणून तिथल्या लोकांनी तिला अपोलोचंच नाव दिलं. दिसायला भयंकर, पण लागणीनंतर एक-दोन दिवसांत येते आणि आठवड्याभरात जाते. यालाही वेगळं औषध नाही.

हर्पिस: जिथे चूक महागात पडते

हर्पिस सिम्प्लेक्सचा पहिल्या प्रकारचा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच कधीतरी शिरतो, तोही नकळत. मग तो चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो आणि ताप, ऊन, आजारपण किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती अशा निमित्ताने मज्जातंतूवरून डोळ्यापर्यंत उतरतो. म्हणून हर्पिसचा डोळा जवळजवळ नेहमी एकच असतो, आणि पुन्हा आला की बहुधा तोच डोळा येतो. “गेल्या वर्षीही हाच डोळा असाच लाल झाला होता” हे पेशंटचं वाक्य निदानात निम्मं काम करतं. ओठावर किंवा पापणीवर पाण्याचे बारीक फोड येऊन गेले होते का, तेही विचारावं.

तपासणीचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. आधी दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी मोजायची. मग पारपटलाची संवेदना बघायची, आणि ती बधिर करणारे थेंब घालण्याआधीच, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही. कापसाच्या टोकाचा एक तंतू ओढून बारीक करायचा, पेशंटला समोर बघायला सांगायचं आणि तंतू बाजूने आणून आधी चांगल्या डोळ्याच्या पारपटलाला हलकेच टेकवायचा. समोरून आणला तर माणूस बघूनच पापणी मिटतो आणि आपली फसगत होते. चांगला डोळा दचकून मिटला आणि आजारी डोळा तसाच उघडा राहिला, तर हर्पिसच्या विषाणूंचा संशय बळावतो. याच कारणाने हर्पिसच्या पेशंटला कधीकधी वाटायला हवं त्यापेक्षा कमी दुखतं. दुखत नाही म्हणजे साधं आहे, हा निष्कर्ष इथे लागू पडत नाही.

त्यानंतर फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाची कागदी पट्टी. सलाइनच्या थेंबाने ओली करून ती खालच्या पापणीच्या आत टेकवायची, पेशंटला दोनदा पापण्या मिटायला सांगायचं आणि स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या उपकरणाच्या निळ्या उजेडात बघायचं. पारपटलाची साल जिथे गेली असेल तिथे हिरवं चमकतं. हर्पिसची जखम फांद्या फुटल्यासारखी दिसते आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला छोटी गाठ असते. हे चित्र स्पष्ट असेल तर प्रयोगशाळेची वाट बघायची गरज नसते. चित्र अर्धवट असेल तर जखमेच्या कडेवरून हलकेच खरवडून नमुना पीसीआर या विषाणूचे अंश शोधणाऱ्या तपासणीला पाठवतात. रोझ बेंगाल हा दुसरा रंग वापरायचा असेल तर नमुना त्याआधी घ्यावा, कारण तो रंग विषाणूलाच मारतो आणि तपासणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. रक्तातली अँटिबॉडी तपासणी इथे जवळपास निरुपयोगी आहे. जगात बहुतेकांची ती पॉझिटिव्ह येते. त्यावरून हा डोळा हर्पिसचा आहे हे सिद्ध होत नाही.

वरच्या थरातल्या जखमेला ३ टक्के अ‍ॅसायक्लोव्हिर मलम दिवसातून ५ वेळा, साधारण १ सेंटिमीटर लांबीची रेघ खालच्या पापणीच्या आत, आणि जखम भरल्यावरही निदान ३ दिवस. किंवा ०.१५ टक्के गॅन्सिक्लोव्हिर जेल, जखम भरेपर्यंत दिवसातून ५ वेळा आणि पुढे ७ दिवस ३ वेळा. डोळ्यात काही घालणं जमत नसेल तर अ‍ॅसायक्लोव्हिरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस, हाही तितकाच चांगला मार्ग. मूत्रपिंडं अशक्त असतील तर गोळ्यांची मात्रा कमी करावी लागते, म्हणून डॉक्टरांना तसं आधीच सांगावं आणि पाणी भरपूर प्यावं. दोन आठवड्यांत जखम भरायला हवी. भरली नाही तर त्याच मलमाचा मारा चालू ठेवणं ही नेहमीची चूक. कित्येकदा विषाणू केव्हाच गेलेला असतो आणि मलमानेच पारपटल सोललेलं असतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याच्या बाबतीत दुसरी शंका घ्यावी. अकॅन्थअमीबा हा पाण्यातला सूक्ष्मजीव सुरुवातीला हुबेहूब हर्पिससारखी फांदी काढतो; फरक इतकाच की जखमेच्या मानाने दुखणं फार जास्त असतं. उशिरा ओळखला तर त्याच्यासारखा चिवट शत्रू नाही.

आता स्टिरॉइड. ते सूज उतरवतं, लाली घालवतं, आणि त्याच वेळी विषाणूला मोकळं रान देतं. दोन-तीन दिवस डोळा छान वाटतो. मग बारीक फांदी रुंदावून नकाशासारखी पसरते आणि जखम खोल जाते. ओळखीच्या कोणाला लागू पडलेले, घरात उरलेले, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब लाल डोळ्यात घालू नयेत ते याचसाठी. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुरोमेथोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. गंमत अशी की हर्पिस पारपटलाच्या मधल्या थरात शिरून सूज आणतो तेव्हा हेच स्टिरॉइड मुख्य उपचार ठरतं. तिथे नुकसान विषाणूपेक्षा शरीराची प्रतिक्रियाच जास्त करते. पण तेव्हा ते विषाणूविरोधी औषधाच्या संरक्षणाखाली दिलं जातं आणि १० आठवडे किंवा त्याहून जास्त काळ हळूहळू उतरवलं जातं. औषध तेच, थर वेगळा.

पुन्हापुन्हा येणाऱ्यांसाठी एक गोष्ट भक्कम पुराव्याची आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ७०३ पेशंटना वर्षभर अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा नुसती साखरेची गोळी दिली. वर्षभरात आजार परतण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. गोळी थांबवल्यावर मात्र संरक्षणही थांबलं. ज्यांच्या पारपटलाच्या मधल्या थराला एकदा इजा झाली आहे त्यांनी ही गोळी टाळू नये असं आमचं मत आहे, कारण प्रत्येक फेरीत व्रण वाढत जातो.

नागीण डोळ्यावर

कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं झोपून पुन्हा उठतो तेव्हा नागीण होते. कपाळाच्या एका बाजूला आग, मग पुरळ, आणि ते मधल्या रेषेपाशी कापल्यासारखं थांबतं. पुरळ नाकाच्या शेंड्यावर किंवा नाकाच्या बाजूला आलं तर डोळा सापडण्याची शक्यता खूप वाढते, कारण दोन्हीकडे एकाच मज्जातंतूची फांदी जाते. जोनाथन हचिन्सन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज सर्जनच्या नावाने ही खूण ओळखली जाते. नाक कोरं राहिलं म्हणून मात्र डोळा सुटला असं नाही.

इथे घड्याळ बघावं लागतं. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा किंवा अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम ५ वेळा, ७ ते १० दिवस. मात्रा हर्पिस सिम्प्लेक्सच्या दुप्पट आहे, आणि जुन्या चिठ्ठीवरून गोळ्या आणल्या की नेमकी इथेच गडबड होते. डोळ्यावर नवे फोड येत असतील तर ७२ तास उलटल्यावरही औषध देतात. पारपटलावर इथेही फांद्या दिसू शकतात, पण त्या उंचावलेल्या, टोकाला गाठ नसलेल्या आणि फ्लुरोसीनने फिकटच रंगणाऱ्या असतात. पहिल्या तपासणीत डोळा स्वच्छ दिसला तरी एक-दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावं. आतली सूज आणि वाढलेला दाब उशिरा येतो. वयाच्या पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते. तिचे दोन डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतराने असतात आणि तिच्यात जिवंत विषाणू नसतो.

मागचा पडदा

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, नजर धुरकट झाली, डोळा थोडासाच लाल आहे आणि आत मंद दुखतं आहे: अशा वेळी बाहुली मोठी करून दृष्टिपटल त्याच दिवशी तपासलं पाहिजे. नागिणीचा किंवा हर्पिसचा विषाणू दृष्टिपटलाच्या कडेपासून आत पेशी मारत येतो आणि तो भाग पांढुरका पडतो. याची सुरुवात परिघावर होते, त्यामुळे पुढून टॉर्च मारून काहीच दिसत नाही आणि पहिल्या दिवशी नजरही ठीक असू शकते. डोळ्याच्या पुढच्या पोकळीतून सुईने थेंबभर द्रव काढून पीसीआरला पाठवतात, पण निकाल येईपर्यंत थांबत नाहीत. अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून दर ८ तासांनी, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर मोठ्या मात्रेत तोंडाने, आणि जोडीला डोळ्याच्या आत फॉस्कार्नेट या विषाणूविरोधी औषधाचं इंजेक्शन देतात. एचआयव्हीमुळे सीडी४ नावाच्या प्रतिकारक पेशी (रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे) ५० च्या खाली गेलेल्यांमध्ये सायटोमेगॅलोव्हायरस हा हर्पिसच्याच कुळातला विषाणू अशाच तऱ्हेने दृष्टिपटल पोखरतो. त्याला गॅन्सिक्लोव्हिर किंवा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर लागतं, अ‍ॅसायक्लोव्हिर पुरत नाही.

विषाणू आटोक्यात आला तरी मेलेला भाग पातळ झालेला असतो. त्याला भोकं पडून पडदा सुटण्याचा धोका पुढचे कित्येक आठवडे राहतो. दुसरा डोळाही त्याच वाटेने जाऊ शकतो, म्हणून गोळ्या काही महिने चालू ठेवतात आणि प्रत्येक भेटीत दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून बघतात.